बॉनेटवरचं परीक्षण

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आम्हाला लहानपणी सांगत. मोठ्या माणसांना दुपारची झोप मिळावी म्हणून काढलेली ही पळवाट, असं माझं इतकी वर्षं ठाम मत होतं. मग एका डिसेंबरात, सकाळी भर उजेडात, आमचे मामा खरोखरच वाट चुकले. एकटे नव्हे, आम्हा सगळ्यांना बसमध्ये घेऊन चुकले.

हे मामा म्हणजे आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. मुरब्याचे. घरात सगळे दर्यावर जाणारे, आणि यांना लहानपणापासून होडीत पाय ठेवला की उलटी. म्हणून ते जमिनीवरची गाडी चालवतात आणि त्यावरून अजून घरच्यांची बोलणी खातात. सकाळी पालघरहून बोईसरच्या एमआयडीसीत आणि संध्याकाळी परत, एवढाच त्यांचा प्रवास. मी त्या बसने सव्वीस वर्षं जाते. कंपनीच्या लॅबमध्ये माल तपासते. नमुना येतो, मी तपासते, पास की नापास ते लिहिते आणि खाली सही करते. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की माझ्या नजरेखालून गेलेलं काहीच शेऱ्याशिवाय सुटत नाही, असं माझे यजमान म्हणतात. शेरा त्यांच्यावरही आहे, पण तो मी कधी वाचून दाखवलेला नाही.

बसमध्ये पुस्तकं आली ती टाळेबंदीनंतर. तेव्हा एक सीट सोडून एक बसायचं, तोंडाला मास्क, आणि बोलायचं नाही. त्या दिवसांत बोईसरच्या एका रद्दीवाल्याकडे मला कोणाच्या तरी घरातली पुस्तकं पोत्यात कोंबलेली दिसली. मी पोतं तसंच उचलून बसमध्ये आणलं. मामांनी सीटमागे एक पत्र्याची पेटी बसवून दिली. काही करायला नव्हतं म्हणून माणसं वाचायला लागली. पुढे मास्क गेले, पुस्तकं राहिली, आणि आपल्याकडे चार माणसांनी वाचलं की पाचवा मत देतो, तसं बोलणंही सुरू झालं.

आमची बस जुन्या घडणीची. तिचं इंजिन आत, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि त्यावर रेक्झिनचं जाड झाकण. त्याला सगळे बॉनेट म्हणतात. तिथे बसायचं नाही असा नियम तिथेच पिवळ्या रंगात लिहिला आहे, आणि त्यावर टेकूनच सगळे तो वाचतात. ज्याचं पुस्तक वाचून झालं, त्याने बॉनेटवर मागे तोंड करून बसायचं आणि वाटेतलं उमरोळी गाव सुटल्यापासून एमआयडीसीचा फाटा येईपर्यंत पुस्तकाविषयी बोलायचं. थंडीत ही जागा उबदार, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत परीक्षकांची रांग लागते आणि परीक्षणं लांबतात. एप्रिल-मे महिन्यांत खालून चटके बसतात. उन्हाळ्यातली परीक्षणं मुद्देसूद असतात ती त्यामुळे.

नियम एकच. शेवट सांगायचा नाही. जो शेवट फोडेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या बसला वडे आणायचे. आणि बोलून झालं की शेवटी मी दोन वाक्यांत शेरा द्यायचा. हा दुसरा नियम कोणी केला नव्हता. तो मीच हळूहळू करून घेतला होता. मराठीत ज्याला नाकाने कांदे सोलणं म्हणतात, ते मी पहिल्या सीटवर बसून करत असे. तरुणपणी पालघरच्या एका साप्ताहिकात माझं एक परीक्षण छापून आलं होतं. त्याचं कात्रण माझ्या पर्समध्ये होतं, आणि ते तिथे आहे हे बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

पोत्यात सगळ्या काळांचा काला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या सामाजिक कादंबऱ्या होत्या, ज्यांत नायिका चाळिसाव्या पानावर मूर्च्छित पडते आणि साठाव्या पानापर्यंत कोणी तिच्या तोंडावर पाणी मारत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या हेरकथा होत्या, ज्यांतला गुप्तहेर गुन्हेगारापेक्षा जास्त सिगारेटी ओढतो. ऐतिहासिक होत्या, भुताच्या होत्या, ग्रामीण होत्या, आणि अगदी अलीकडच्याही होत्या, ज्यांत एक माणूस दोनशे पानं खिडकीतून बाहेर बघतो आणि शेवटी खिडकी लावतो. मला स्वतःला या शेवटच्या जातीच्या आवडत. त्या आवडतात असं सांगता येतं, हाही त्यांचा एक गुण आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्या आमच्या फिटरकाकांकडे. निवृत्तीला आलेला माणूस, त्यांना सगळ्या पात्रांपेक्षा घोड्यांची काळजी. "हा सरदार सकाळी जुन्नरहून निघाला आणि संध्याकाळी इथे पोचला. घोड्याला पाणी कुठे पाजलं ते लिहिलेलं नाही. मशीनसुद्धा इतकं चालत नाही." या एका मुद्द्यावर त्यांनी तीन मोठ्या कादंबऱ्या नापास केल्या. बॉयलरवरचे चाचा उत्तरेकडचे. मराठी वाचायला ते याच बसमध्ये शिकले आणि थेट भुताच्या गोष्टींना भिडले. "मॅडम, भूत तो ठीक है, पर वो हर बार कुएँ के पास ही क्यों आता है? गाँव में और जगह नहीं है क्या?" मी म्हटलं, हा फार मूलभूत प्रश्न आहे. विज्ञानकथा एकदा माझ्याकडेच आली. हजार वर्षांनंतर माणसं विजेवर जगतील असं तीत होतं. मी ती गंभीरपणे समजावत असताना मामा आरशात बघून म्हणाले, "म्याडम, त्यायला सांगा, आमच्यात काल रातीपासून लाईट नाय." तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या शेजारी राहून ते म्हणाले, म्हणून बस जास्त हसली. मी शेरा न देता उतरले.

ताई या मंडळात सगळ्यात शेवटी आल्या. त्या आमच्या कॅंटीनमध्ये दुपारच्या जेवणाचं बघतात. माहेर डोंगरातलं, पावसावर पिकणारं थोडं भात आणि थोडी नाचणी, बाकीचे दिवस घरचे लोक कामासाठी बाहेर. शिक्षण आश्रमशाळेत सातवीपर्यंत. उमरोळीला चढत, मागच्या सीटवर बसत, आणि दोन वर्षं त्यांनी परीक्षणं नुसती ऐकली. एक दिवस उतरताना पेटीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "म्याडम, एक देता? खुनाचं द्या. त्यात काय झालं ते समजतं." मी पोत्यातली सगळ्यात सुमार हेरकथा, जी मी स्वतः नुसती वरवर चाळली होती, काढून दिली. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. हिला हे पुरे, असं होतं.

महिनाभर ते पुस्तक कॅंटीनमध्ये होतं. बटाटे उकडेपर्यंत दोन पानं, भात निवेपर्यंत एक. पुस्तकाला हळदीची बोटं लागली. आणि डिसेंबरातल्या त्या सकाळी उमरोळी सुटल्यावर ताई पदर खोचून बॉनेटवर बसल्या.

त्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं नाही, लेखकाचं नाही, भाषाशैलीविषयी तर काहीच नाही. त्यांनी एकदम बंगल्यात नेलं. एक म्हातारा सावकारासारखा श्रीमंत माणूस, झोपायच्या आधी दूध पितो आणि सकाळी मेलेला सापडतो. दुधात विष. दूध दिलं स्वयंपाकीणबाईने. झालं, संशय तिच्यावर. पोलीस येतात, नातेवाईक येतात, गुप्तहेर येतो. घर माणसांनी भरतं.

"आता येवढी माणसं," ताई म्हणाल्या, "चार दिवस ऱ्हायली. जेवली का नाय? जेवली. रांधलं कोणी? तिनंच. जिनं विष घातलं म्हणतात, तिच्याच हातचं."

बसमध्ये कोणीतरी "अरे हो," म्हणालं.

"मंग ती वाढते आणि बघते. हा वास घेतो. तो आमटीत बोट बुडवून चाटतो. बहीण नुसता कोरडा भात खाते. इन्स्पेक्टर सायब म्हणतो, माझा उपास हाय." इथे ताईंनी भुकेने पोट आवळून बसलेल्या इन्स्पेक्टरचं तोंड केलं. "आणि एक भाचा हाय त्या म्हाताऱ्याचा. तो दोनदा आमटी मागून घेतो. भाताचा डोंगर करतो. बोटं चाटतो."

चाचा पुढच्या सीटवर सरकले. फिटरकाकांनी चष्मा काढला. मी घड्याळ बघायचं विसरले, हे मला नंतर कळलं.

"ती बाई मनात म्हणते, सगळे भितात, ह्योच का भीत नाय? ज्याला म्हाईत हाय की विष हिनं घातलं नाय, तोच पोटभर जेवंल. म्हंजे ज्यानं घातलं, तोच."

आणि मग त्या बाईने ते सगळ्यांसमोर कसं सांगितलं, भाच्याच्या हातातला घास कसा तसाच राहिला, हे ताईंनी सांगितलं. मग खिडकीतून खारा वारा आला आणि सुरूची झाडं दिसली. सुरूची झाडं आमच्या रस्त्यावर नाहीत. मामांनी एमआयडीसीचा फाटा केव्हाच मागे टाकला होता आणि बस समुद्रकाठच्या चिंचणीच्या अंगाला लागली होती.

लोक हसून हसून आडवे झाले. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "म्याडम, चूक माझी. गोष्टच तशी होती." अरुंद रस्त्यावर बस वळवायला वेळ लागला, आणि आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. त्या दिवशी लॅबमध्ये बाहेरून तपासणीची माणसं यायची होती, आणि ती माझ्याआधी येऊन माझ्याच खुर्चीवर बसली होती, हे मला फोनवर कळलं. उतरताना मी बॉनेटपाशी थांबले. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ते हेच.

"ताई, हे परीक्षण नव्हे. परीक्षणात मत लागतं. तुम्ही नुसती गोष्ट सांगितलीत. आणि शेवटही फोडलात."

बसमधलं हसू थांबलं. ताई माझ्याकडे बघून "बरं," म्हणाल्या. रागाने नाही, वर्गात चुकलेलं गणित खोडताना मुलं म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बसला वडे आणले. घरून, स्वतः केलेले, लसूण-मिरचीची कोरडी चटणी वेगळ्या पुडीत. इतके चांगले वडे मी पालघरमध्ये खाल्लेले नाहीत. त्यांच्यावर मी शेरा दिला नाही. त्याच सकाळी पुस्तक पेटीत परत आलं, हळदीची बोटं पुसायचा प्रयत्न केलेलं, आणि ताई मागच्या सीटवर गेल्या.

त्यानंतर त्यांनी पुस्तक घेतलं नाही. मी दोनदा आग्रह केला. "नको म्याडम, मला मत नाय," एवढंच उत्तर, आणि तेही हसून. मी वाद घालायच्या तयारीने गेले होते आणि वाद कोणी घालतच नव्हतं. जानेवारीत बॉनेटवर रांग लागली नाही. फिटरकाका एकदा बसले आणि सवयीने घोड्यांवर बोलले, पण मध्येच म्हणाले, "जाऊ दे, त्या भाच्यासारखं काही यात नाही." चाचांनी मोबाईलवर क्रिकेट लावलं. मामांनी गाणी सुरू केली. एवढं मात्र केलं की त्या दिवसापासून ते पालघरहून दहा मिनिटं आधी निघू लागले, पुन्हा वाट चुकली तर म्हणून. वाट चुकायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी निघत.

मला हे टोचत होतं आणि मी ते मान्य करत नव्हते. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी स्वयंपाक करता करता यजमानांना म्हटलं, लोकांना टीका सहन होत नाही. ते म्हणाले, "कसली होती ती गोष्ट?" मी सांगायला लागले. म्हातारा, दूध, स्वयंपाकीण, उपास धरणारा इन्स्पेक्टर. ताईंनी केलेलं तोंडसुद्धा मी करून दाखवलं. कुकरच्या किती शिट्या झाल्या ते दोघांनीही मोजलं नाही, आणि वरणाला करपट वास लागला तेव्हा भाच्याच्या हातातला घास अजून हातातच होता. यजमान म्हणाले, "वा! पुस्तक झकास दिसतंय. आणून दे मला."

दुसऱ्या दिवशी मी ते पेटीतून आणलं, आणि त्यांना देण्याआधी पुन्हा चाळलं. मग बसून वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

त्यात ते जेवण नव्हतं. चार दिवस घरात माणसं राहिली होती, पण कोणीही एक घास खाल्लेला नव्हता. स्वयंपाकीणबाई तिसऱ्या प्रकरणात "मी काही केलं नाही हो," एवढं म्हणून रडते आणि नंतर पुस्तकातून नाहीशी होते. भाचा सापडतो तो शर्टाच्या बटणामुळे, जे गुप्तहेराला सोफ्याखाली मिळतं. ते बटण तिथे कसं आलं हे लेखकानेही विचारलेलं नाही. आमटी, उपास, भाताचा डोंगर, सगळं ताईंचं होतं.

इतकी वर्षं मी कथानकातले कच्चे दुवे, दुय्यम पात्रांची उपेक्षा असले शब्द वापरत आले. त्या बाईने कच्चा दुवा नेमका कुठे आहे ते शोधलं होतं, उपेक्षित पात्र कोण ते ओळखलं होतं, आणि मत द्यायच्या ऐवजी ते सरळ दुरुस्त करून पुस्तक आम्हाला परत दिलं होतं. आणि मी तिला सांगितलं होतं, यात मत नाही. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली आहे. यजमान म्हणाले, "मग काय शेरा?" मी म्हटलं, नापास. ते म्हणाले, "पुस्तक?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅंटीनच्या खिडकीपाशी गेले. ताई ताटं लावत होत्या. मी म्हटलं, "मी ते पुस्तक परत वाचलं. भाच्याच्या जेवणाचं त्यात कुठेच नाही."

त्या घाबरल्या. "मंग माझं चुकलं?"

"नाही. पुस्तकाचं चुकलं. आणि माझं चुकलं. त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं."

ताईंनी पुढचं ताट पुसायला घेतलं. "मला वाटलं, लिवायचं ऱ्हायलं असंल त्यांचं," त्या म्हणाल्या. "येवढी माणसं उपाशी कशी ऱ्हातील?"

मी म्हटलं, उद्या बॉनेटवर बसा. त्या मान हलवून नको म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "म्याडम, तुमी सगळ्यांचं बघता. तुमी लिवलेलं कायी हाय का?"

होतं. एक कथा होती, तीस वर्षांपूर्वी लिहिलेली, कपाटात साड्यांच्या खाली. छापायला कुठे पाठवली नव्हती, कारण ती समजेल असा संपादक मला दिसत नव्हता. आपला तो बाब्या. मी हो म्हटलं, आणि म्हणताना मला आतून कुठेतरी बरंही वाटलं.

"ती द्या मला," ताई म्हणाल्या. "ती सांगते. मंग बघू."

हात दाखवून अवलक्षण, असं यजमान म्हणाले. तरी मी कथा दिली. मार्च गेला. कथा कॅंटीनमध्ये होती. रोज सकाळी मी मान वळवून मागे बघे, आणि ताई खिडकीबाहेर बघत असत. त्या बसतील की नाही, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. कथा आवडेल की नाही हा प्रश्नच नव्हता, असं मी स्वतःला सांगत असे, आणि ते अर्धं खोटं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उमरोळीला चढल्या त्या मागे गेल्याच नाहीत. सरळ बॉनेटवर बसल्या. मामा म्हणाले, "ताई, खाली भाजतंय हां." त्या म्हणाल्या, "रोज भट्टीफुडं उभी ऱ्हाते मी. ह्याचं काय?" मामांनी गाणं बंद केलं. चाचांनी मोबाईल खिशात टाकला.

"ही म्याडमची गोष्ट हाय," ताईंनी सुरुवात केली. बसमध्ये कुजबूज झाली. मी पर्सचा बंद घट्ट धरला.

"चिंचणीला एक बाई हाय. नवीन लगीन झालेली. ती ओट्यावर बसते. संध्याकाळ हाय. समुद्राचा आवाज येतो. तिला वाईट वाटतं." ताई थांबल्या. "लय वाईट वाटतं. मंग अंधार होतो."

बसने एक खड्डा घेतला.

"फुडं?" मामांनी आरशातून विचारलं.

"फुडं नाय."

कोणीतरी खोकलं. ताई माझ्याकडे वळल्या. "म्याडम, राग धरू नका. ह्यात समदं मतच हाय. गोष्ट नाय."

सगळे माझ्याकडे वळले. माझे कान तापले, खरं तर बॉनेटचा चटका मला नव्हे, ताईंना बसत होता. मग फिटरकाकांना हसू आवरलं नाही, त्यांच्या पाठोपाठ चाचा, आणि मग मलाही. तीस वर्षांत त्या कथेला इतका नेमका शेरा मिळाला नसता. कोणत्याही संपादकाने तिला मनोविश्लेषणात्मक वगैरे म्हटलं असतं, आणि मी ते खरं मानलं असतं.

"पण म्याडम," ताई म्हणाल्या, आणि हसू विरलं, कारण त्यांचा आवाज बदलला होता. तो डिसेंबरातला आवाज होता. "पयल्या पानावर तिच्या हातात चहा हाय. चार पानं ती तो हातात धरून बसते. निवतो, साय धरते, तरी धरून बसते. तो चहा केला कोणी?"

मी म्हटलं, "कोणीतरी आणून दिला, असं आहे त्यात."

"कोणीतरी म्हंजे कोण?"

ती कथा म्हणजे मीच होते, हे एव्हाना सगळ्यांना समजलंच असणार. लग्नाचं पहिलं वर्ष, चिंचणीतलं सासर, यजमान कामाच्या पाळीवर, मी संध्याकाळभर ओट्यावर. आपण किती एकट्या आहोत यावर मी चार पानं लिहिली होती. आणि रोज संध्याकाळी, मी न सांगता, आल्याचा चहा ओट्यावर येत होता. आणणारी काही विचारत नसे. कप ठेवी, वारा असला तर खांद्यावर शाल टाकी, आणि आत जाई. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली.

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं.

ताईंनी मान हलवली, जणू त्यांना तेवढंच हवं होतं. "मंग ती आत जाते," त्या म्हणाल्या. "आत जाते आणि दाराच्या मागं उभी ऱ्हाते. दुसरा कप तिचा हाय, पण तो ती चुलीवरच ठेवते. कारण ती म्हणते, पोर प्यायली का मंग मी पिते. आणि पोर तर कप हातात धरून बसली हाय. रोज. मंग ती म्हातारी काय करते..."

हे कथेत नव्हतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. मला ते माहीत नव्हतं. सासूबाई दाराआड उभ्या राहत की नाही, त्यांचा चहा थांबे की नाही, हे मी त्या वर्षी एकदाही वळून पाहिलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चाचांनी मागून आपला धुतलेला गमछा पुढे केला.

समोर एमआयडीसीचा फाटा दिसायला लागला. मामांनी वेग कमी केला. ताई थांबल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. मामांनीही आरशात माझ्याकडेच बघितलं. आधी निघाल्यामुळे हातात दहा मिनिटं होती.

"मामा," मी म्हटलं, "सरळ घ्या."